नुसता सूर

प्रिय अप्पा,

आज मला ऑर्केस्ट्रात कायमची जागा मिळाली. बाहेर येऊन सवयीनं तुम्हाला फोन लावला. तिकडून आईचा आवाज आला, "आता ह्यो फोन माझ्याकडंच हाय गं." मग फोन ठेवला आणि लिहायला बसले.

जागा इंग्लिश हॉर्नची आहे. नावाला घाबरू नका, आपल्या सनईचीच लांबची नातलग, माझ्या ओबोहून अंगानं लांब आणि घोगऱ्या गळ्याची. तिला एकटीनं वाजवायला मिळतं. तुम्हाला हेच हवं होतं ना?

चाकूरच्या लग्नांत खंडूमामा सनई वाजवायचे आणि तुम्ही मागे बसून नुसत्या सुराच्या सनईवर सूर धरायचात. सकाळपासून अक्षता पडेपर्यंत तोच एक सूर. वाहवा मामांची, आहेरही आधी मामांना. लोक तुम्हाला विचारायचे, "तुम्हाला वाजवता येत न्हाई का?" तुम्ही हसायचात. ते हसणं मला कधीच आवडलं नाही.

पोरीनं सनई फुंकायची नाही, असं गाव म्हणालं. तुम्ही मला पपईच्या देठाची नळी आणि तांब्याभर पाणी दिलंत. बुडबुडे तुटू द्यायचे नाहीत, गालातली हवा सोडतानाच नाकानं श्वास घ्यायचा. पुढे ओबो शिकवणारे मोठे गुरू भेटले, पण श्वास तुमचाच राहिला.

मुंबईला तुम्ही एकदाच आलात, माझा ओबो ऐकायला. सुरुवातीला मी एक लांब सूर दिला आणि सगळ्यांनी आपापली वाद्यं त्याला लावून घेतली. त्यानंतर मी किती काय वाजवलं! पण बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "एवढं शिकून तू बी सूरच धरतीस का माय?"

तिथे तो मान असतो, हे मी परोपरीनं सांगितलं. तुम्ही "हाव, हाव" म्हणालात, लग्नघरच्यांना म्हणायचात तसं. आपल्या पोरीच्या वाट्यालाही तेच आलं, ही खंत घेऊन तुम्ही गेलात. थोडं थांबायचं होतं, अप्पा. तुमचा राग येतो मला.

तुमच्या जलदानविधीला मामा आले होते. आता सुरासाठी ते मशीन लावतात. म्हणाले, "मशीनला दम लागत न्हाई गं. तुझ्या बापाचा दम मला पाठीवर कळायचा, त्याच्यावरच मी वाजवायचो. आता वाजवायलोय, पण जीव लागत न्हाई."

हे तुम्हाला त्यांनी कधी सांगितलं होतं का?

दिवाळीनंतर मामांच्या नातीचं लग्न आहे. नव्या नोकरीतली पहिली रजा मी त्यासाठीच टाकणार आहे. मामा वाजवतील आणि त्यांच्या मागे मी बसेन, सूर धरायला. नुसता सूर. मामा थांबेपर्यंत मी तो सोडणार नाही.

जयभीम.

तुमची,
सुमी