प्रश्न पुरा होण्याआधी

प्रिय छकुले,

दादाचं पत्र, तेही हाताने लिहिलेलं, बघून तुला आधी वाटेल की कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. तुझी वहिनी ठणठणीत आहे आणि माझ्या वजनाची प्रगती समाधानकारक आहे. चाळिशी ओलांडलेल्या बाईला छकुली म्हणतात का, असं म्हणून नाक मुरडशील, तर मुरड. तुझी ती पांढरी बट मी अजून अधिकृतपणे मान्य केलेली नाही. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. मलाही मधूनमधून लागत नाहीये.

रविवारी दुपारी आपण फोनवर बोललो, त्यापासून सुरुवात करतो. मी विचारत होतो, "आई कशी आहे, आणि तू..." माझं 'तू' तोंडातच होतं आणि तुझं "ठीक आहे रे दादा" येऊन पोचलंसुद्धा. मग मधल्या भावाची टिंगल झाली. तो तिकडून स्मरणशक्ती वाढवायचे दहा उपाय पाठवतो आणि पाठवलेले विसरून महिन्याभराने तेच परत पाठवतो, यावर आपण दोघं हसलो. आणि फोन ठेवताना तू मला म्हणालीस, "झोप हं आता, मी आहे इथेच." भर दुपारी. आईला नाही, मला. तुझ्या लक्षातही आलं नाही. मला फार मजा वाटली आणि मी ती गोष्ट स्वयंपाकघरात जाऊन रंगवून सांगितली. तुझी वहिनी हसली नाही. हातातलं भांडं पुसत राहिली आणि म्हणाली, "त्या किती दिवसांत झोपल्या नसतील हो?" माझे विनोद ती एरवीही फार मनावर घेत नाही, पण हा असा परत आलेला मला आवडला नाही.

आता मंगळवारची गोष्ट. ती सांगायची तर मी काय काम करतो ते सांगावं लागेल, कारण इतक्या वर्षांत आपल्या घरात कोणी ते विचारलेलं नाही. आई पूर्वी सगळ्यांना सांगायची, "थोरला कंप्युटरवर लक्ष ठेवतो." त्यावर शेजारचे काका म्हणाले होते, "का, पळून जातात का?" तर काका, पळून जात नाहीत, बसून राहतात, आणि ते जास्त वाईट. इस्पितळांची एक मोठी साखळी आहे. पेशंटचं नाव नोंदवण्यापासून रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरच्या डोळ्यांसमोर येईपर्यंत सगळं ज्या यंत्रणेतून जातं, तिच्या पोटात पाच सर्व्हर आहेत. पाच सारखे भाऊ समज. पाचही जण तेच काम करतात, आणि त्यांच्या दारावर एक वाटप्या बसवलेला असतो. आलेलं काम तो ज्याचे हात मोकळे दिसतील त्याला देतो. दर काही सेकंदांनी तो प्रत्येकाला एकच विचारतो, "आहेस ना?" भाऊ "आहे" म्हणाला की आमच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्याची चौकट हिरवी राहते. त्या पडद्याला आम्ही हिरवळ म्हणतो. हिरवळ हिरवी असली की साहेब खूश, आणि साहेब खूश असले की आम्हाला चहा पिता येतो.

मी जगात कशाचीही थट्टा करतो हे तू जाणतेस. बाबांच्या मते तो माझा एकमेव उद्योग होता. पण एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. सकाळी त्या पडद्यावरची कामाची रेघ चढायला लागते ना, तेव्हा माझ्याने थट्टा होत नाही. कुठल्या तरी इस्पितळात नोंदणीची खिडकी उघडते, रेघ जरा हलते. मग दुसरी, तिसरी. कोणी पोटुशी, कोणी पाय मोडलेला, कोणी नुसता घाबरलेला. मला त्यांची नावं दिसत नाहीत, चेहरे दिसत नाहीत. फक्त रेघ श्वास घेतल्यासारखी वर येत जाते, जेवायच्या वेळेला जरा खाली बसते, पुन्हा उठते. एवढी माणसं एकाच वेळी एकमेकांना न ओळखता आपापलं दुखणं पुढे करतात आणि पाच मुक्या पेट्या ते धरून ठेवतात. इतकी वर्षं बघतोय, अजून सवय झालेली नाही.

मंगळवारी सकाळी एका इस्पितळातल्या मुख्य नर्सबाईंचा फोन आला. "रिपोर्ट उघडला की 'क्षमस्व, पुन्हा प्रयत्न करा' येतं. पेशंट टेबलावर आहे. मी त्याला क्षमस्व देऊ का?" पाठोपाठ दुसऱ्या इस्पितळाचा फोन, मग औषधांच्या खिडकीचा. आणि आमची हिरवळ कशी, तर नुकतं पाणी घातल्यासारखी. पाचही हिरवे. साहेब धावत आले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सगळं तर ठीक आहे." नर्सबाई फोनवर होत्या; त्यांनी ते ऐकलं आणि जे उत्तर दिलं ते मी आईच्या घरी येणाऱ्या पत्रात लिहू शकत नाही.

मग मी कोण किती वेळात उत्तर देतोय ते बघितलं. बाकीचे चार भाऊ नेहमीसारखा वेळ घेत होते. चौथा मात्र डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देत होता. साहेब खूश होऊन म्हणाले, "हा चौथा बघा. सगळ्यांना चौथ्यासारखं करून टाका ना." आणि खरंच, वाटप्याचंही तेच मत होतं. चौथ्याचे हात सारखे मोकळे होतात म्हणून तो जास्तीत जास्त काम चौथ्याकडेच ढकलत होता. आमच्याकडे वाटप्याचं खातं सांभाळणाऱ्या बाई आहेत. माझ्याहून लहान, पण त्यांच्या दराऱ्यामुळे सगळे त्यांना मावशी म्हणतात. मावशी म्हणाल्या, "एवढं काम एवढ्या लवकर होतंच कसं?" आणि माझ्या कानात एकदम रविवारचा तुझा आवाज आला. माझं 'तू' पुरं व्हायच्या आधीचं "ठीक आहे." छकुले, जो प्रश्न संपण्याआधी उत्तर देतो, त्याने प्रश्न ऐकलेला नसतो. ऐकायला त्याच्याकडे जागाच उरलेली नसते.

चौथा उघडून बघितला. सर्व्हर जे जे करतो त्याची आपल्यापाशी नोंद लिहीत जातो. ती लिहिल्याशिवाय त्याला पुढचं पाऊल टाकता येत नाही. चौथ्याकडे एक ओळ लिहिण्याइतकीही जागा शिल्लक नव्हती. म्हणून आलेल्या प्रत्येकाला तो हात जोडून क्षमस्व म्हणायचा आणि पुढच्याला घ्यायचा. वाटप्या विचारायचा, "आहेस ना?" तेवढं "आहे" म्हणायला काही लिहावं लागत नाही. ते तो म्हणत राहिला.

त्याला बाजूला काढणं भाग होतं, पण मावशींचा हात अडला. सकाळी जागा संपायच्या आधी ज्यांची कामं त्याच्याकडे आली होती, ती माणसं अजून त्याच्याच हातात होती. कोणी डॉक्टर शस्त्रक्रियेची नोंद अर्धी लिहून थांबलेला, कोणी औषधाची मात्रा भरत असलेला. "काढू का?" मावशी म्हणाल्या. "यातलं एक जरी तुटलं तर?" आमच्या यंत्रणेत प्रत्येक भावाने आपल्या हातातल्या कामाची एक प्रत दुसऱ्या भावाला कळवत राहायचं असतं, कधी आपण पडलो तर त्याने उचलावं म्हणून. पण ज्याला स्वतःपुरती ओळ लिहायला जागा नाही त्याने ते केलं असेल, यावर माझा विश्वास नव्हता. नर्सबाईंचा पेशंट टेबलावर होता. मी म्हटलं, "काढा."

मावशींनी चौथ्याला काढायला घेतलं. पडद्यावर चौथ्याच्या नावापुढचा माणसांचा आकडा उतरायला लागला आणि तेवढाच इतर चौघांपुढे थोडा थोडा चढत गेला. एकही माणूस तुटला नाही. त्याने सगळ्यांचं सगळं कळवलेलं होतं, छकुले. नवीन कोणाला घ्यायची ताकद नव्हती, स्वतःबद्दल एक अक्षर लिहायची सोय नव्हती, पण ज्यांना एकदा धरलं होतं त्यातल्या एकालाही त्याने सोडलेलं नव्हतं. जरा वेळाने नर्सबाईंचा फोन आला. "उघडला हो रिपोर्ट. काय केलंत?" कोणा डॉक्टरचं अर्धं लिहिलेलं वाक्य एका हातातून दुसऱ्या हातात गेलं होतं आणि त्याला धक्कासुद्धा लागला नव्हता. मी "काही नाही" म्हणालो. मग उठून यंत्रांच्या खोलीत गेलो आणि चौथ्याच्या समोर उगाच उभा राहिलो. थंडगार खोली, पंख्यांचा घोंगावणारा आवाज, आणि टोपी घातली असती तर काढली असती अशी अवस्था. मावशी दारातून म्हणाल्या, "दर्शन झालं असेल तर चला."

त्याची जागा कशाने भरली होती तेही ऐक. साहेबांच्या भाषणांच्या चित्रफिती. कुठल्याशा सहलीचे फोटो. कधीकाळच्या प्रशिक्षणाचं साहित्य, 'तात्पुरतं' असं नाव दिलेलं. इथे जागा आहे, हा काही म्हणत नाही, म्हणून प्रत्येकाने आणून टाकलेलं. ते पुसताना मला तुझं घर दिसत होतं. तुझ्या खोलीत मधल्याची व्यायामाची सायकल, 'दोन महिने राहू दे' म्हणून ठेवलेली. माझ्या पुस्तकांची खोकी. वहिनीच्या माहेरचं कपाट. म्हणून तू बाहेर सोफ्यावर झोपतेस, आणि आम्ही आलो की म्हणतो, हिला सोफाच आवडतो.

लहानपणी आई नुसतं "अगं... अरे... कोण आहे का तिकडे?" अशी हाक मारायची, तिघांना मिळून. मधला ऐकू न आल्याचं नाटक करायचा, मी "आलो आलो" म्हणत जागेवरच असायचो. तू जिथे असशील तिथून, परकराला माती लागलेली, धावत यायचीस. मग हळूहळू ती हाकच बदलली. "अगं" उरलं, "अरे" गळून गेलं. तिने काही ठरवून केलं नाही. वाटप्याही ठरवून करत नाही. आणि आता, जिला आम्हा दोघांची तोंडं आठवत नाहीत ती बाई अजून तुझा हात ओळखते, याचं मला फार दिवस वाईट वाटत होतं. मंगळवारनंतर वाईट वाटत नाही. चौथ्यासमोर उभा होतो तेव्हासारखं वाटतं. तू इतकं सगळं धरून ठेवलंस, तिचं औषध, तिचं रडणं, तिचं तेच तेच विचारणं, आणि त्यातलं काहीही सोडलं नाहीस. आणि आम्हाला मात्र प्रत्येक रविवारी हिरवी चौकट दाखवलीस. हे माणसाला जमतं कसं, ते मला माहीत नाही. यंत्राला जमलं तर आम्ही तोंडात बोटं घातली.

तर हे पत्र का, तर फोनवर सांगायला गेलो असतो आणि वाक्य संपायच्या आत तू म्हणाली असतीस, "नको रे, ठीक आहे." पत्राला मध्येच उत्तर देता येत नाही. मी शनिवारी येतोय, राहायला. पाहुणा म्हणून नाही. माझी यंत्रणा कुठूनही बघता येते, साहेबांनी परवानगी दिली आहे आणि नसती दिली तरी आलो असतो. वहिनी पुढच्या आठवड्यात येईल. मधल्याशी बोललो आहे. तो सुट्टी मिळाली की येतो म्हणाला, आणि यावेळी मी त्याच्याकडून तारीख वदवून घेतली. सायकल त्याच्या नावाने विकतो आहे. आधी दोन-चार दिवस तू नुसती शेजारी बस आणि आईला कसं उठवायचं, कसं भरवायचं ते एकेक करून माझ्या हातात दे, तुटू न देता. मग तुझ्या त्या समुद्राकाठच्या मैत्रिणीकडे जा, जी इतकी वर्षं बोलावते आहे. तिथे कोणी कशी आहेस विचारलं तर घाई करू नकोस. त्यांचा प्रश्न संपू दे, मग हवा तेवढा वेळ घे. शनिवारी दार उघडायलाही उठू नकोस, जुनी किल्ली माझ्याकडे आहे. आई विचारेल, हा कोण. तू सांगू नकोस. मी सांगेन, आणि ती पुन्हा विचारेल तेव्हा पुन्हा सांगेन. दर काही सेकंदांनी तोच प्रश्न आणि तेच उत्तर, याचीच तर मी आजवर नोकरी केली.

तुझाच,
जागेवरून उठलेला दादा