उकळलेला दगड

प्रिय आईस,

वाकून नमस्कार, आणि आधी बातमी ऐक: आपल्या काळीनं पहिलं अंडं दिलं!

कोंबड्यांना जागा कळावी म्हणून तू सांगितलेला गुळगुळीत पांढरा दगड मी खुराड्यात ठेवला होता. सकाळी ह्यांनी तोच अंडं समजून आणला आणि उकळत घातला. वीस मिनिटांनी चमच्यानं ठोकताहेत, फुटतोय कुठं! मी पोट धरून हसले. मग खुराड्यात हात घातला, तर पेंढ्यात खरंखुरं अंडं, अजून कोमट. अर्धं अर्धं खाल्लं.

तुझा गुडघा कसा आहे? हे हल्ली दिवसभर घरीच असतात, कोंबड्यांना सोबत होते. काळजी करू नकोस. कारखाना बंद झाल्यापासून आज पहिल्यांदा हेही खो-खो हसले.

दगड मी परत तिथंच ठेवलाय.

तुझीच,
धाकटी