पाठीमागचं कारस्थान

सोमवार, ४ फेब्रुवारी
आज नोटीस लागली. आमच्या इलोइलो शाखेतल्या बावीसही जणांना नव्या खुर्च्या मिळणार. कारण काय, तर 'पाठीचं आरोग्य'. सव्वीस वर्षं मी फिलिपिन्सभर बोटी फिरवणाऱ्या या शिपिंग कंपनीत बोटींचे कागद सांभाळतोय. एवढ्या वर्षांत सेबूच्या मुख्य ऑफिसने माझी साधी सर्दी विचारली नाही. आज एकदम पाठ?
सोबत फॉर्म. पाठ दुखते का? नेमकी कुठे? किती वर्षांपासून?
आलं लक्षात. गेल्या वर्षी बाकोलोद शाखेत सगळ्यांचे डोळे तपासले आणि चार महिन्यांत तिथले दोघे घरी बसले. (पेर्ला म्हणते, त्यांचं निवृत्तीचं वयच झालं होतं. बायको भोळी आहे.) मी छप्पन्न वर्षांचा. दुखऱ्या पाठींची यादी म्हणजेच घरी पाठवायच्या माणसांची यादी.
लिहिलं: पाठ उत्तम. कधीही दुखलेली नाही.
सही करताना पेन खाली पडलं. तिथेच राहू दिलं. शेजाऱ्याचं घेतलं.

मंगळवार, ५ फेब्रुवारी
डेल्फा सुमागायसाय. ॲडमिनमधली. एकोणीस वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर. फॉर्म तिच्याकडेच जमा होतात, हा योगायोग नव्हे. दुपारी सगळे पानसित नूडल्स खात असताना सर्वांदेखत म्हणाली, सर पानिंग, तुम्ही 'नाही' लिहिलंत? मग रोज खुर्चीतून उठताना 'अगाय, अगाय' कोण करतं? बंदरावरचा भोंगा?
सगळे हसले. मी म्हणालो, ती माझी प्रार्थना आहे.
म्हणाली, मग फॉर्म परत देते, देवाला तरी खरं सांगा.
परत द्यायची एवढी घाई का? नोंद करून ठेवतोय.
ठराव: उद्यापासून उठताना आवाज नाही.

गुरुवार, ७ फेब्रुवारी
आवाज न करता उठायला फार वेळ लागतो. म्हणून उठतच नाही. सकाळी आठ ते बारा एका जागी. साहेबांच्या नजरेत हे भरलं असणार.
घरी आल्यावर पेर्लाने बूट काढून दिले. पोरांना सांगू नकोस म्हटलं. म्हणाली, पोरांना माहीत आहे, शेजाऱ्यांना माहीत आहे, शेजाऱ्यांच्या कोंबड्यांनाही माहीत आहे.

सोमवार, ११ फेब्रुवारी
बघायला तीन खुर्च्या आल्या. एक जाळीची, कमरेपाशी फुगवटा असलेली. एक बिनपाठीची, घोड्याच्या खोगिरासारखी. तिसरी काळी, चामड्याची, उंच पाठीची. खरी खुर्ची ती.
बरोबर एक फिजिओथेरपिस्ट, जोवेलिन नावाची. तिने समजावलं: तळपाय पूर्ण जमिनीला टेकलेले हवेत, कोपर टेबलाच्या उंचीला, कमरेचा खोलगट भाग फुगवट्याला चिकटलेला. आणि म्हणे खुर्ची कितीही चांगली असली तरी दर अर्ध्या तासाने उठा. खुर्ची खपवायला आलेली बाई खुर्चीत बसू नका सांगते! डाळीत काहीतरी काळं आहे.
मग माझ्याकडे वळली. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा सर, त्याने कंबर तिरकी होते. पहिल्याच भेटीत पाकीट! मी खिशावर हात ठेवून बाहेर गेलो. मागून ऐकू आलं, हे सर कोळंबीसारखे बसतात.
कोळंबी म्हणाली! वळून पाहिलं, तर डेल्फा ते लिहून घेत होती.

बुधवार, १३ फेब्रुवारी
जाळीच्या खुर्चीवर माझी दोन दिवसांची पाळी. फुगवटा बोटाने दाबून पाहिला. आत काहीतरी बसवलेलं असणार. पाठ टेकली की सेबूला कळत असेल कोणाचा मणका कुठे सरकलाय. त्यामुळे पुढच्या कडेवर बसलो, पाठ अजिबात न टेकता. दोन्ही दिवस.
अभिप्राय लिहिला: ही खुर्ची पाठीला मुळीच आधार देत नाही.

शनिवार, १६ फेब्रुवारी
सकाळी मोलो भागात मालिशवाल्या नानाय तोरिंगकडे. टोपी घालून, मागच्या गल्लीने गेलो. पडदा सारला तर बाकावर डेल्फा!
माझ्या मागावर आली म्हणावं तर ती माझ्या आधी येऊन बसलेली. यावरून तिची तयारी किती आगाऊ असते ते दिसतं.
म्हणाली, सर पानिंग, मी तीन वर्षं येतेय, माझी कंबर गेलीय. तुमची पाठ कशी आहे?
उत्तम, म्हणालो. मी मित्राची चौकशी करायला आलोय.
आतून नानाय तोरिंग माझं पूर्ण नाव घेऊन ओरडली, एपिफानियो पानिंग, सदरा काढून ठेव, खोबरेल तापतंय.

सोमवार, १८ फेब्रुवारी
प्रत्येकाने आपापली खुर्ची निवडायची. मी काळी. कारणं दोन. उंच पाठीच्या खुर्चीतल्या माणसाला कोणी घरी पाठवत नाही. आणि मागून बघणाऱ्याला आपण सरळ बसलोय की वाकडे, ते दिसत नाही.
डेल्फा म्हणाली, त्या खुर्चीत तुमचे पाय पोचत नाहीत हो, मी पाहिलंय.
पाहिलंय. म्हणजे टेबलाखालीही बघते.
एकवीस जणांनी जाळीची घेतली. मेंढरं.

सोमवार, २५ फेब्रुवारी
खुर्च्या आल्या. माझी तर सिंहासनच. पाय लोंबकळतात, पण फायलींचा खोका ठेवला की भागतं. खोलवर बसलं की टेबल लांब जातं, मग टायपिंगसाठी मान पुढे काढावी लागते. हा अपमान नव्हे, तंत्र आहे.
साहेब जाता जाता म्हणाले, अरे, पानिंग कुठे गेला? मी आतच होतो.

गुरुवार, २८ फेब्रुवारी
काय झालं ते शांतपणे लिहितो.
आज भूकंपाची तालीम. बघायला सेबूहून तिथल्या मोठ्या अधिकारी बाई, माम आराचेली, आलेल्या, हातात यादी. (यादी!) दहा वाजता भोंगा वाजला. नियम असा, की सगळ्यांनी टेबलाखाली जायचं, मग रांगेत बाहेर. बाकीचे उंदरासारखे खाली गेले. मी खुर्चीतून पुढे सरकलो, एक पाय खोक्यावरून सुटला आणि कमरेत काहीतरी कट्‌ झालं. गुडघे जमिनीवर, छाती खुर्चीवर, तोंड चामड्यात. वरही येईना, खालीही जाईना.
सगळे बाहेर गेले. अंगणात मोजले तर एकवीस.
खरा भूकंप असता तर मी मेलो असतो. हा विचार तेव्हा आला. आतापर्यंत गेलेला नाही.
डेल्फा एकटी परत आत आली. हसली नाही. शेजारी गुडघ्यांवर बसली, माझं कोपर धरलं. म्हणाली, घाई नको. श्वास घ्या. आता डावा पाय. आता माझ्यावर भार टाका. मी उभा राहिलो. मग तिला उठता येईना. मग मी तिचं कोपर धरलं. दोघंही 'अगाय' म्हणालो. दारात माम आराचेली उभ्या होत्या.
त्यांनी विचारलं, पाठीचा त्रास आहे का?
कधीही नाही, म्हणालो. भिंतीला धरून.
त्या म्हणाल्या, मला नऊ वर्षांपासून आहे, पट्टा बांधते. फॉर्म मीच बनवला. कोणाला काय हवं ते कळावं म्हणून.
नऊ वर्षं दुखूनही नोकरीत! म्हणजे फारच वरपर्यंत ओळख असणार.

सोमवार, ४ मार्च
तीन दिवस घरी पडून. पेर्ला म्हणाली, सेबूच्या लोकांना तुझी पाठ हवीय म्हणतोस ना? फुकट दिली तरी कोणी नेणार नाही रे.
साहेबांचा फोन. ते एवढंच म्हणाले, बरं वाटलं की ये, बोटींचे कागद कोणालाच सापडत नाहीत.

शुक्रवार, ८ मार्च
कामावर गेलो. माझ्या जागी काळी खुर्ची नाही. जाळीची. डेल्फाचं टेबल रिकामं, मागे खुर्चीही नाही. टेबलावर केक.
तिचा आज शेवटचा दिवस. निवृत्तीचा अर्ज जानेवारीतच दिला होता म्हणे, स्वतःहून. दावावला मुलीकडे राहायला जाणार. सगळ्यांना माहीत होतं. मला कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तेव्हा मी दुसरीकडे लक्ष ठेवून असेन.
मी तिला बाजूला घेऊन विचारलं, जानेवारीतच जायचं ठरलं होतं, तर स्वतःसाठी नवी खुर्ची मागवलीस कशाला?
म्हणाली, तुम्ही मागवणार नव्हतात म्हणून.
केक खाल्ला. गोड फार होता.

सोमवार, ११ मार्च
खुर्चीत बसलो. पाठ टेकली. पूर्ण. तळपाय जमिनीला. अर्ध्या तासाने उठलो, पुन्हा अर्ध्या तासाने उठलो. दुखणं निम्म्यावर.
उठलं की समोरचं टेबल दिसतं.
माझ्यावर लक्ष ठेवायला तिच्या जागी कोण येणार, हे सेबूने अजून कळवलेलं नाही.