दहापैकी शून्य

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची कुणकेश्वरला. साताऱ्याहून निघताना आई कुरकुरत होती. तिला या खिडकीतला समुद्र दाखवायला हवा. मुक्काम घरमालकीण अक्कांकडे, घर जांभ्या चिऱ्यांचं. आल्या आल्या सोलकढी मिळाली आणि एक ताकीद: चिऱ्यांच्या फटीत फुरसं असतं, विषारी साप, चप्पल झाडून घालायची. उद्यापासून दवाखान्यात मधुमेहींचे पाय तपासायचे. रुग्णाने डोळे मिटायचे, मी नायलॉनचा धागा तळव्यावर दहा ठिकाणी टेकवायचा, कळलं की त्याने ‘हां’ म्हणायचं.

५ नोव्हेंबर
पहिले रुग्ण घरचेच, अक्कांचे यजमान हरिश्चंद्रकाका. जन्म होडीवर गेला, आता तळव्यात शिंप रुतली तरी पत्ता नाही. दोन्ही पाय दहापैकी शून्य. मी समजावलं, की कातडीतली मज्जातंतूंची टोकं स्पर्श टिपतात आणि मेंदूला निरोप धाडतात. पायांचे तंतू सर्वांत लांब, म्हणून साखरेचा मार आधी त्यांना. पाणी कमी पडलं की शेवटच्या घराचा नळ आधी आटतो, तसं. गेलेली जाणीव सहसा परत येत नाही, हेही सांगितलं.

८ नोव्हेंबर
काकांच्या पायांसाठी अंगणात गाऱ्हाणं घातलं. भावकीतले सत्यवान आजोबा नारळ ठेवून भराभर देवाला सांगत होते आणि प्रत्येक मागणीला सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मला निम्मं कळलं नाही. गप्प उभं राहणं बरं दिसेना, म्हणून सगळ्यांत मोठा आवाज माझाच. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या.

१३ नोव्हेंबर
काका दहापैकी चार! धागा बदलून पाहिला, तरी चारच. येताना माझी एक चप्पल वाळूत राहिली, ते अक्कांनी दाखवल्यावर कळलं. लक्ष कुठे असतं माझं?

१७ नोव्हेंबर
काका नऊ. वाळूत अनवाणी चालतात, गुदगुल्या होतात म्हणून हसतात. मी डोळे मिटून स्वतःचे तळवे तपासले. नीट जमलं नसेल. माझी साखर तपासली, ठीक आहे. एका जागी बसवत नाही. सारखे पाय चोळते, आणि चोळलेलं फक्त हातांना कळतं.

२१ नोव्हेंबर
अक्कांना विचारलं, गाऱ्हाण्यात मागितलं काय. मासे चिरत, मान खालीच ठेवून त्यांनी सांगितलं: “ह्या अंगणात उभ्या आसलेल्या तरण्या पायांतलो जीव हेच्या पायांत घाल.” तरणी तिथे मी एकटीच होते. “तूच व्हय म्हटलंस गो,” म्हणाल्या आणि रडायला लागल्या. आजोबा इन्सुलीला लेकीकडे गेलेत. रविवारी आले की गाऱ्हाणं फिरवून घेऊ म्हणाल्या. मला भीती वाटतेय.

२२ नोव्हेंबर
गुडघ्यापर्यंत बधिर. अंघोळीचं कढत पाणी पायावर सांडलं— मला काहीच नाही. किंचाळले ते ओसरीवर काका. मी धावत गेले, त्यांचे पाय कोरडे. म्हणजे निरोप हरवत नाहीत. दुसरीकडे जातात—

२३ नोव्हेंबर, दुपार
आजोबा उद्या. फक्त उद्यापर्यंत. टेबलाशी बसलेय. खिडकीतून काका दिसतात, पाय बाकावर पसरून—

ओरडताहेत. “माज्या घोट्याक कायतरी थंड गुंडाळता गो!”

त्यांच्या घोट्याला काही नाही. मला दिसतंय, काही नाही.

माझे पाय टेबलाखाली.

अक्का दारात. हलू नको म्हणताहेत, लिहीत राहा, खाली बघू नको—

काका म्हणताहेत, वर चढतंय. पोटरी. गुडघा.

आता काका गप्प.

गुडघ्याच्या वर मला अजून कळ—