जळकोटच्या तुराट्या

विष्णुपुरी, नांदेड
५ ऑक्टोबर २००४

ती. दादास, सा. न. वि. वि.

आपल्या शेतातल्या तुरीच्या वाळक्या तुराट्यांनी कमाल केली! तू जळकोटहून आणून दिलेल्या भाऱ्याचा भट्टीत कोळसा केला, भुकटी बॅटरीत भरली, तर बॅटरी दुप्पट चालली. जपानच्या प्राध्यापकांना आकडे कळवले. त्यांच्याकडे पीएचडीनंतरच्या संशोधनाची जागा आहे. पंधरा नोव्हेंबरच्या आत हेच पुन्हा करून दाखवलं, तर ती माझी! मी नाचायचीच बाकी आहे.

भूकंपानंतर आपण तुराट्यांच्या कुडाच्या खोपटात झोपायचो, तेव्हा अण्णा म्हणायचे, ह्या पडल्या तरी जीव घ्यायच्या न्हाईत. आता त्याच मला विमानात बसवणार. तुझ्या क्लासच्या सरांना सांग, केमिस्ट्री शिकवायला माझ्याऐवजी दुसरं कुणी बघा.

अशीच माया राहू दे.
तुझी सुकन्या

लातूर
११ ऑक्टोबर

चि. सुकन्यास अनेक आशीर्वाद.

सरांना इतक्यात सांगत नाही. ते दिवाळीपर्यंत थांबतील, पुढे नाही. अण्णांनी मात्र गावभर सांगून टाकलंय. आई विचारत होती, जपानात ज्वारी भेटती का. मला तर वर्गात माइकवरून ओरडून सांगावंसं वाटतंय!

तब्येतीला जप.
बालाजी

विष्णुपुरी
२७ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न.

घात झाला. त्याच ढिगातल्या तुराट्या या वेळी मी स्वतः आणल्या. चार वेळा कोळसा केला, दर वेळी राखच फार. बॅटरी अर्ध्यातच दम सोडते. पहिल्या भाऱ्यात असं काय होतं? अण्णांना विचार ना. मला रडू येतंय. हे जमलं नाही तर मी खोटे आकडे कळवले असंच प्राध्यापकांना वाटेल.

घाईत,
सुकन्या

जळकोट
३१ ऑक्टोबर

चि. सुकन्यास आशीर्वाद.

अण्णा शपथेवर सांगतात, ढीग तोच. आई मात्र उठून चुलीकडे गेली. फार खोदल्यावर तिनं कबूल केलं. पोरगी मोठ्या लोकांना दाखवणार, मळकट कशा द्यायच्या, म्हणून तिनं पहिल्या भाऱ्याचे तुकडे करून दोन दिवस चिंचेच्या पाण्यात भिजवले होते. देवाची भांडी घासते तसे घासून, धुऊन वाळवले. तू रागावशील म्हणून बोलली नाही.

अगं, चिंचेचं आम्ल! क्षार निघून गेले, राख कुठून राहणार? मी जोरात हसलो, तर आईला वाटलं, तिनं तुझं वाटोळं केलं. डोळे पुसत बसलीय. नवा भारा भिजत घातलाय. वाळला की एसटीनं पाठवतो. धीर सोडू नकोस.

बालाजी

विष्णुपुरी
९ नोव्हेंबर

ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार. (दादा, मोठ्यानं वाच.)

आई, जमलं! तिन्ही वेळा जमलं! काल जपानहून होकार आला, जानेवारीत निघायचं. ही धुण्याची रीत कुणाची, असं प्राध्यापकांनी विचारलं. मी कळवलं, माझ्या आईची, गुणाबाईंची. आता त्यांच्या प्रयोगशाळेत तिला गुणाबाईंची रीतच म्हणतात. म्हणजे माझ्याआधी तूच पोचलीस!

दिवाळीला येतेच. या वेळी लाडू कमी कर, चिंच जास्त बांध. आणि न विचारता धुतल्याबद्दल तुला रागवायचं राहिलंय, ते गळ्यात पडून रागवीन.

तुझीच,
सुकन्या