पिंकीचा फोन यादीत नाही

५ मे, सोमवार

अडकली! सकाळी चहाचा कप हातात, अन् मावशीची पिंकी फोन घेऊन दारात. "दीदी, ये देखो." स्क्रीनवर लाल पट्टी — आपका ब्राउज़र मान्य नहीं है.

बिलासपूरच्या एका नर्सिंग कॉलेजची प्रवेश परीक्षा. घरी बसून द्यायची, फोनचा कॅमेरा चालू ठेवून. साइट आमच्याच ऑफिसनं बनवली. अन् लाल पट्टीवरचं वाक्य? माझं! इतकी वर्षं कथा लिहून राहिली, पण हजारो लोकांनी वाचलेलं माझं हे एकच वाक्य.

परीक्षा अठराला. पिंकी बारावी झाली अन् तेव्हापासून मावसाजींच्या बांगड्यांच्या दुकानात बसते, सदर बाजारात. तिथून सुटली पाहिजे ती. फॉर्म मीच भरला. म्हटलं, जाशील न? म्हणे, "हव."

६ मे

नव्या रायपुरात ऑफिस म्हणजे काच, एसी, अन् बाहेर इतका रुंद रस्ता की ओलांडायची इच्छाच मरते. संध्याकाळपर्यंत बस नाही. चकाचक पिंजरा!

जुना कोड उघडून पाहिला. बंगल्यावरचा चौकीदार असावा तसा. ब्राउजरचं नाव विचारतो. यादीत आहे? ये. नाही? चल फूट. कॅमेरा चालते का, हे विचारतच नाही! पिंकीचा फोन स्वस्तातला, त्यात त्या कंपनीचा घरचाच ब्राउजर. कोण घेणार त्याले यादीत?

अन् मजा म्हणजे सगळेच ब्राउजर खोटारडे. जुन्या काळीही असेच चौकीदार होते. मंग प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव आपल्या नावात घुसवलं, आत शिरायले. आता एकेकाचं नाव म्हणजे अख्खं खानदान!

यावर कथा होते. एकाही पात्राले नाव नाही अशी. आईले सांगितलं. ती पोळी लाटता लाटता म्हणे, "नाव नाही तं जेवायले हाक कशी मारायची त्यायले?"

८ मे

सुशील भैयाशी बोलली. आमचे टीम लीड. म्हटलं, नाव विचारणंच बंद करू. सरळ विचारू — कॅमेरा उघडते का? उघडला तं आत.

"निवेदिता, कहानी घर पे लिखना. उस फोन का नाम लिस्ट में डाल दे, खतम."

टाकलं. पिंकीचं काम झालं. दुपारी धमतरीहून तक्रार, दुसराच फोन. तोही टाकला. संध्याकाळी कांकेर.

९ मे

नावं टाकली. दिवसभर.

११ मे, रविवार

पिंकीचा फोन परत बाहेर! रात्री ब्राउजर आपोआप अपडेट झाला अन् त्याचं नाव बदललं. म्हणजे यादीचं काही खरं नाही. परीक्षेच्या सकाळी बदललं तं?

दुकानात गेली तिले सांगायले. पिंकी एका बाईच्या हातात बांगड्या चढवून राहिली होती. बाईचा हात आवळून, "काकी, जरा साँस छोड़ो, चूड़ी हाथ में जाएगी, पेट में नहीं!" बाई हसून हसून बेजार. मले पाहवेना. एवढंसं दुकान! पंखाही गरम हवा फेकते. जन्मभर इथं?

"अभ्यास चालू आहे न?"

"हव, दीदी."

"बिलासपूरले मोकळी होशील बघ."

"हव."

मावसाजी गल्ल्यावर पिंकीच्या दादाले हिशेब दाखवून राहिले होते. तिथूनच म्हणाले, "होऊ दे न, शिकू दे पोट्टीले! तू आहेस म्हणून होऊन राहिलं, निवेदिता." केवढा समजदार माणूस! आमच्या घरी तं माझ्या नोकरीवरही टोमणे.

१३ मे

राहवलं नाही. कोणाले न सांगता नवी तपासणी लिहिली. पहिला प्रयत्न आपटला! एका फोनले विचारलं, कॅमेरा आहे? म्हणे आहे. आत घेतलं, तं सगळं काळं. आहे म्हणणं वेगळं, उघडून दाखवणं वेगळं.

म्हणून आता साइट आधी कॅमेरा उघडायले लावते. चित्र आलं की मंगच दार.

१४ मे

नवी तपासणी साइटवर चढवली. भैयाले न विचारता!

१५ मे

भैयाले कळलं. ओरडले नाही, तेच वाईट. "चल गया तो ठीक. नहीं चला, तो कहानी फुल टाइम लिखना."

पण तक्रारी बंद! एकही नाही. पिंकीनं चालवून पाहिलं, उघडला. मी नाचली. पिंकी नुसती पाहत होती. परीक्षेची भीती असेल, बिचारी.

१८ मे, रविवार

परीक्षा. आम्ही सगळे ऑफिसात. कांकेर, धमतरी, कुठकुठले फोन सरळ आत. भैयांनी पाठीवर थाप मारली — "मान गए!"

अर्ध्या तासानं स्क्रीनवर एकच लाल ओळ. पिंकी. कॅमेरा बंद, परीक्षा रद्द.

सगळ्यांमधून फक्त तिचाच फोन? कोड खोदून काढला. काहीच सापडेना. कॅमेरा उघडला होता, चित्र स्वच्छ होतं, मंग एकदम बंद. कॉल लावते, उचलत नाही. मावशी म्हणे, "खोलीत दार लावून बसली." इथून निघू शकत नाही, परीक्षेच्या दिवशी कोणाले सोडत नाही. काचेतून तो रिकामा रस्ता पाहत बसली. तिचं वर्ष गेलं. माझ्यामुळं! ते दुकान अन् ती, आता कायमचं.

१९ मे

दुकान उघडायच्या आधीच गेली. पिंकी एकटीच शटर वर करून राहिली होती. म्हटलं, पिंके, माफ कर, माझ्या कोडमध्येच काहीतरी—

"कोड को कुछ नहीं हुआ. मैंने बंद किया."

काहून?

आजवर माझ्याशी हिंदीतच बोलणारी पोट्टी. आज मराठीत बोलली. "मी गेली की बाबा दुकान दादाच्या नावानं करणार होते. मले हे दुकानच पाहिजे, दीदी. तूच मले बाहेर काढून राहिली होती."