ठेवून घेतलेला चंबू

३ मार्च, सोमवार

चाचणी झाली. मनासारखी झाली!

काचेची उपकरणं बनवणारी लहानशी कार्यशाळा. आठ माणसं, नऊ ज्योती. मुख्य कारागिराला सगळे ‘थोरले’ म्हणतात. त्यांनी काचनळी हातात दिली आणि वाकड्या मानेचा चंबू करायला सांगितलं. जुना कारखाना बंद पडल्यापासून पाच महिने मी फुंकर घातली ती फक्त चहावर. पण काच मऊ झाली आणि श्वास आपोआप बेताचा झाला. मान एका दमात वळली, कुठे चिमटली नाही. सहा वर्षांत इतका चांगला चंबू माझ्या हातून झाला नव्हता.

निवल्यावर थोरल्यांनी तो खिडकीपाशी धरला. फिरवला. भिंतीतल्या कपाटात ठेवला. म्हणाले, "बरं."

एवढंच.

माझ्याबरोबर एक चष्मेवाला होता. त्याचा चंबू थोरल्यांनी स्वतः कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला, फाटकापर्यंत सोडायला गेले. मला सोडायला कोणी आलं नाही. घेणार बहुधा त्यालाच.

तरी घरी येताना सगळा रस्ता गुणगुणत होते. चंबू झाला तो झाला!

४ मार्च, मंगळवार

फोन वाजला. बाबांच्या मित्राचा होता.

७ मार्च, शुक्रवार

शेवटी मीच फोन केला. कार्यालयातल्या बाईंचा आवाज गोड. आतून काही आलेलं नाही, आलं की कळवू, म्हणाल्या.

बाबांनी जन्मभर शिलाईचं दुकान चालवलं. हे ऐकून ते खूश. "मी गिऱ्हाइकांना ‘परवा या’ सांगायचो," म्हणाले. "ते आता माझ्या पोरीला भोवतंय."

११ मार्च, मंगळवार

पुन्हा फोन. बाईंनी नाव दोनदा विचारलं. मग तेच – आतून काही आलेलं नाही. आत म्हणजे कुठे? त्यांच्या खोलीच्या मागच्या दारापलीकडे. वीस पावलं!

दम सुटू नये म्हणून बादलीत नळी बुडवून फुंकत बसते. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. बाबा घड्याळ धरतात. आज चाळीस सेकंद. एकेचाळिसाव्याला त्यांनी चेहरा असा केला की मी हसले आणि अर्धी बादली दोघांच्या अंगावर.

१४ मार्च, शुक्रवार

स्वतः गेले. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "आलात एकदाच्या." मी म्हटलं, चौकशीला आलेय. तो माझ्याकडे बघतच राहिला.

बाईंनी तेच वाक्य प्रत्यक्ष ऐकवलं. प्रत्यक्षात आवाज आणखी गोड आहे. राग धरताही येत नाही.

१६ मार्च, रविवार

ताई आणि भाऊजी आले. भाऊजींच्या फरशांच्या दुकानात गल्ल्यावर माणूस हवाय. पुढच्या रविवारपर्यंत सांग, म्हणाले, नाहीतर दुसरं कोणी बघतो. भला माणूस. दुकान चांगलं, खुर्ची मऊ. पण त्या खुर्चीत एकदा बसले की पुन्हा ज्योतीसमोर बसणं नाही. ते मला ठाऊक आहे. ताईलाही असावं. जाताना तिने माझा हात उगाचच दाबला.

१९ मार्च, बुधवार

कळवू, कळवू, कळवू. पारवासुद्धा इतक्यांदा घुमत नसेल.

२३ मार्च, रविवार

भाऊजींना हो सांगितलं. परवापासून दुकान.

जेवायला बसलो. मग बाबाच म्हणाले, "गबाळं इथे आणि चंबू तिथे. तो तरी घेऊन ये." हसू आलं. खरंच की. नोकरी त्यांची, चंबू माझा. गल्ल्याशेजारी ठेवीन.

२४ मार्च, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सरळ कार्यशाळेत शिरले. आठ ज्योती चालू, नववी विझलेली. थोरल्यांसमोर जाऊन म्हटलं, "माझा चंबू परत द्या."

एकेक ज्योत बारीक झाली. थोरल्यांनी कपाट उघडलं. आत कुणाचं नरसाळं, कुणाची पीळदार नळी, आणि कडेला माझा चंबू. त्यांनी तो कागदात गुंडाळला. फार वेळ लावला. दुसरीकडे मिळालं का, विचारलं. मी म्हटलं, नाइलाज आहे. मग ते मला फाटकापर्यंत सोडायला आले.

पहारेकरी म्हणाला, "एकही दिवस न येता काम सोडणारं माणूस पहिल्यांदा बघतोय."

कसलं काम, मी विचारलं.

मग उलगडलं. इथे वस्तू ठेवून घेतली की माणूस ठेवून घेतला. परत दिली की रामराम. आणि आपण होऊन मागितली, म्हणजे काम सोडलं. माझा ॲप्रन तीन आठवडे खुंटीवर आहे. थोरले रोज सकाळी माझी ज्योत पेटवतात, अर्धा तास वाट बघतात, विझवतात. कार्यालयातल्या बाई माणूस कामावर हजर झाला की मगच त्याचं नाव लिहितात. त्यांना आतून काय कळणार!

"मला कुणी सांगितलंच नाही," मी म्हणाले.

थोरले गोंधळले. "‘बरं’ म्हटलं होतं की."

मी पळत आत गेले. कागद फाडला, चंबू माझ्या हाताने कपाटात ठेवला. कोणीतरी नववी ज्योत पेटवली.

भाऊजी फोनवर खूप हसले. फरशांना फुंकर लागत नाही, तू कंटाळली असतीस, म्हणाले. मागून ताई ओरडत होती, ती रडत होती की हसत, कळलं नाही.

बाबा हिशोब मांडून बसलेत – तीन आठवडे पोरगी नोकरीत होती आणि मी तिला भांडी घासायला लावत होतो!

१७ एप्रिल, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत थोरल्यांना विचारलं, सरळ सांगत का नाही? म्हणाले, "मी स्वतः दोन महिने घरी बसलो होतो. मला तरी कुणी सांगितलं?"

दुपारी एक बाई चाचणीला आली. तिचं नरसाळं कपाटात गेलं. "बरं." ती मान खाली घालून निघाली. मी ज्योत बारीक केली आणि फाटकापर्यंत धावले. म्हटलं, उद्या सकाळी सातला या.

वळून बघते तर मागे थोरले. धापा टाकत.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"बरं."